उलट्या शिवणीचा फ्रॉक

११ फेब्रुवारी

ताई,

मायना लिहीत नाही. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू म्हणशील, फोनवर एवढं तोंड सोडल्यावर आता तीर्थ कसलं नि रूप कसलं. नुसतं ‘ताई’ मात्र तोंडात बसलंय, ते रागानेही निघत नाही.

हे पत्र तुझ्या वहिनीच्या हट्टापायी लिहितोय. “ताईंच्या भाचीला दवाखान्यात ठेवलंय, एवढं तरी कळवा, नाहीतर मी कळवते,” असं ती चार दिवस माझ्या कानाशी म्हणते आहे. म्हणून कळवतो. तीन वर्षांचा तो कातडीचा आजार भडकला आणि भिंगरीला सहा दिवसांपूर्वी भरती केलं. गळ्यापासून पावलांपर्यंत सगळं अंग लाल झालंय आणि चादर झटकली की पोपडे उडतात. ताप आहे, आणि भर दुपारी पांघरूण घेऊन कुडकुडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कातडी म्हणजे अंगाचं छप्पर, ते बिघडलं की ऊब आत राहत नाही. नऊ वर्षांची पोर, जिला एका जागी बसवायला आपल्याला नाकी नऊ यायचे, जिचं नाव तूच भिंगरी ठेवलंस, ती आता कूस बदलायची तरी आधी विचार करते.

आता झालं कसं, तेही ऐकून घे. झालं तुझ्या फ्रॉकमुळे. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा, आखूड बाह्यांचा, तू जानेवारीत धाडलास तो. मी पुडकं उघडलं तर फ्रॉक चक्क उलटा शिवलेला! सगळ्या शिवणी बाहेर, शिवणीपलीकडे सोडलेली कापडाची माया बाहेर लोंबतेय. पस्तीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईचं हे काम? मी म्हटलं, रागाच्या भरात शिवला असेल. कापड दोन्हीकडून सारखं आणि मागे नुसते बांधायचे बंद, म्हणून निभावलं. मी तो उलटून सरळ केला. वर्गाच्या फोटोच्या दिवशी पोरीने तो दिवसभर घातला आणि पुढच्या पंधरा दिवसांत काखेत, कमरेला, मानेभोवती सगळीकडे पेटलं. तेव्हाच मी तो परत पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत जे लिहिलं ते लिहिलं.

एवढंच कळवायचं होतं. उत्तर पाठवायची गरज नाही. पत्र पाठवू नकोस असं मी तेव्हाही सांगितलंय.

तुझा भाऊ

१६ फेब्रुवारी

ताई,

तू गेल्या सुट्टीत मला न विचारता भिंगरीला जिथे नेलं होतंस, त्या डॉक्टरांनी सांगितलेली तीच गोळी उद्यापासून इथे सुरू होते आहे. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, तेव्हा काय हसायचं ते हसून घे.

तेव्हा मी तुला ‘पोरीला विष घालायला निघालीस’ म्हणालो होतो. औषधाच्या दुकानातल्या माणसाने मला चिठ्ठी बघून सांगितलं होतं की ही कॅन्सरची गोळी आहे. मग माझं डोकं फिरलं. आज तेच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, जरा चढ्या आवाजातच. त्या काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हो, तेच औषध. तिथे फार मोठ्या मापाने देतात, इथे अगदी थोडं, आणि आठवड्यातून एकदाच. तुम्ही काय काम करता?” मी म्हटलं, रंगारी आहे. “मग तुम्हाला समजावणं सोपं आहे,” म्हणत त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागे चित्र काढलं.

ताई, तुला हे ठाऊक होतं का? आपली कातडी महिन्याभरात नवी होते. सगळ्यांची. तळातून नवा थर वर येतो आणि जुना न दिसता गळून जातो. म्हणजे प्रत्येक माणूस दर महिन्याला स्वतःला नवा रंग देतो आणि त्याला पत्ताही नसतो! मी चाळीस वर्षांचा झालो, तीस वर्षं भिंती रंगवल्या, आणि हे आज कळलं. मी माझ्या हाताकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. भिंगरीच्या अंगात हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. अंगाचे पहारेकरी चुकून आपल्याच घरावर धावून जातात, आणि त्या गोंधळात खालून थरावर थर येत राहतात, एकही नीट पिकत नाही. मी म्हटलं, म्हणजे रंगाचा पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारला, मग तिसरा. बाई म्हणाल्या, “अगदी बरोबर. आणि मग काय होतं?” मी म्हटलं, पोपडे. दुसरं काय होणार.

ही गोळी त्या पहारेकऱ्यांना शांत करते. मलम वरून लावायचं, पण एवढ्या सगळ्या अंगाला नुसतं मलम पुरणारं नाही. ओल भिंतीच्या आत असेल तर वरून कितीही रंग मारा, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. घरी मात्र तीन वर्षं मी वरूनच मारत बसलो होतो.

रक्त तपासलं, यकृत बघितलं, छातीचा फोटो काढला, वजन केलं. एवढी तपासणी करून मग एक इवलीशी पिवळी गोळी.

आणखी एक. बाईंना तिच्या दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर रेषा दिसल्या. सरळ, शेजारी शेजारी, त्याच रेषांवर चट्टे उठलेत. “कुणी घासलं का इथे?” त्यांनी विचारलं. भिंगरी म्हणाली, “मीच घासलं. शाळेच्या पट्टीने.” तिला तीनदा विचारलं, तीनदा तेच म्हणाली. म्हणून तिच्या हातांवर सुती मोजे बांधून ठेवलेत, पुन्हा घासू नये म्हणून. पोरं करतात असलं काहीतरी.

तुझा भाऊ

२१ फेब्रुवारी

ताई,

आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक सांगायला सोपी आहे, म्हणून तीच आधी सांगतो.

वॉर्डात एक सिस्टर आहेत, उंच, आवाज जाड, चालताना चपला वाजवणाऱ्या. सकाळी त्या भिंगरीला धुतलेला झगा घालत होत्या. घालायच्या आधी त्यांनी तो झटकला आणि उलटा केला. मी लगेच शहाणपणा केला, “सिस्टर, उलटा झाला.” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मुद्दाम केलाय. शिवण आत राहिली की अंगाला घासते. या पोरांना आम्ही सगळे कपडे उलटेच घालतो.”

भिंगरी हळूच म्हणाली, “आत्यापण असंच करायची. मी तिकडे होते तेव्हा माझे सगळे कपडे उलटे करून द्यायची.”

ताई, मला तो फ्रॉक आठवला. काखेतल्या शिवणी बाहेर, कमरेची बाहेर, गळ्याची पट्टीसुद्धा बाहेर काढून दुमडलेली. आतून नुसतं सपाट मऊ कापड. तू एक शिवण आत राहू दिली नव्हतीस, आणि मी दीडशहाणा, तो ‘सरळ’ करून तुझी प्रत्येक शिवण तिच्या अंगाला लावली. तेव्हाही ती म्हणाली होती, “बाबा, आत्याने असाच शिवलाय.” मी काय म्हटलं माहीत आहे? “गप्प बस. उलटंसुलटं मला कळतं.”

आता दुसरी गोष्ट. लिहायला सुरुवात करून तीन कागद फाडले.

त्या रेषा भिंगरीने केलेल्या नाहीत. मी केल्या.

फोटोच्या आदल्या संध्याकाळी ती फ्रॉक अंगाला लावून आरशासमोर उभी होती. आखूड बाह्या. कोपरांवर, हातांवर पांढरे पोपडे. मागच्या वर्षी फोटोवाल्याने तिला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं, उंच मुलांच्या मागे, आणि फोटोत तिचं नुसतं कपाळ आलं होतं. मीच तो फोटो ट्रंकेत तळाला ठेवला होता. या वर्षी मी म्हटलं, एका दिवसापुरतं का होईना, साफ करू. माझ्या पिशवीत शून्य नंबरचा पॉलिश पेपर होता, अगदी बारीक, दरवाजाच्या शेवटच्या हातासाठी वापरतो तो. मी तो पाण्यात भिजवला. तिचे हात मांडीवर घेतले, आणि जसं लाकूड घासतो तसं, एका दिशेने, हलक्या हाताने, पोपडे काढले. मग गुडघे. मला वाटलं मी फार जपून करतोय. खाली गुलाबी, गुळगुळीत लागलं तेव्हा मला आनंदसुद्धा झाला. ती दात आवळून बसली होती. “दुखतंय का?” विचारलं तर म्हणाली, “नाही. पहिल्या रांगेत उभं करतील ना?”

या आजारात जिथे कातडी दुखावते तिथेच नवा चट्टा उठतो. कुणाला दोन आठवड्यांनी, कुणाला तीन. मला ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी ‘कुणी घासलं का’ विचारलं, तेव्हा मला ठाऊक झालं होतं, आणि मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. माझी नऊ वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी तिला बोलू दिलं. पाच दिवस ती हाताला मोजे बांधून होती. पाण्याचा पेला दोन्ही मोज्यांत धरायची, पुस्तकाचं पान ओठांनी उलटायची. एकदाही माझ्याकडे तक्रारीने बघितलं नाही. एवढ्याशा जिवात हे कुठून आलं असेल, ते मला कळत नाही. तुझ्या वहिनीचं नाही, ती बोलून मोकळी होते. माझं तर मुळीच नाही.

आज दुपारी मी डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पॉलिश पेपरचा नंबरसुद्धा सांगितला, का ते देव जाणे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मला शंका होती,” त्या म्हणाल्या. “मुलं इतक्या सरळ रेषेत खाजवत नाहीत. पण ती ऐकेना. बरं झालं आलात.”

मी म्हटलं, “मला शिक्षा काय ती करा.”

“शिक्षा कसली करायची? मोजे तुम्ही सोडा. तुमच्या हाताने. आणि यापुढे घासणं बंद. आता हे काम आतून होणार आहे, तुम्ही फक्त वाट बघायची.”

मी मोजे सोडले. तिचे हात घामाने भिजले होते. मी म्हटलं, “भिंगरे, मी सांगितलं त्यांना.” तिने बोटं उघडझाप करून बघितली आणि विचारलं, “मग तुला रागावल्या?” मी नाही म्हटलं. “मला वाटलं, तुला घरी पाठवून देतील,” ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच रडली. मीही रडलो, वॉर्डात, सगळ्यांसमोर. जाड आवाजाच्या सिस्टर आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ एकच उशी नीट करत होत्या.

तुझी माफी कशी मागायची ते मला येत नाही. लहानपणापासून माझ्या चुका तूच निस्तरल्यास, त्यामुळे सवयच नाही.

तुझा भाऊ

२५ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं नाही. येणारही नाही, मीच बंदी घातली आहे. तरी टपालवाला दिसला की मी जिन्यात जाऊन उभा राहतो.

भिंगरी महिनाभरापूर्वी घरी आली. ताप गेला, अंगाची आग गेली, कुडकुडणं थांबलं. पण चट्टे आहेत तिथेच आहेत. गोळीचा वार शुक्रवार. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या वहिनीला आणि मला समोर बसवून दोघांकडून वदवून घेतलं, आठवड्यातून एकदा, एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतेल. शुक्रवार चुकला तर फोन करायचा, मनाने भरपाई करायची नाही. ताप आला तर गोळी थांबवायची आणि फोन करायचा. कसलीही लस टोचायची झाली तर आधी विचारायचं. शनिवारी वेगळी गोळी, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून.

मी काय केलं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, भांड्यांच्या फळीच्या वर, पेन्सिलीने चौकोन आखले. गोळी दिली की त्या शुक्रवारचा चौकोन रंगवायचा. प्रत्येक वेळी वेगळा रंग, डब्यात जो उरला असेल तो. रंग भिंगरी ठरवते. आजपर्यंत सहा झाले असते, पण चौथ्या आठवड्यात घसा दुखून ताप आला. फोन केला, बाई म्हणाल्या, या शुक्रवारी नको. तो चौकोन कोरा आहे.

शनिवारी तिला मळमळतं. सकाळभर काही खात नाही, लिंबू हुंगत बसते. आणि दिसत मात्र काहीच नाही. काल मी चिडलो. बाईंना फोन केला आणि म्हटलं, एवढे आठवडे झाले, भिंत होती तशी आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही रंग दिल्यावर लगेच हात लावून बघता का?” मी म्हटलं नाही. “मग?” म्हणाल्या.

तू असतीस तर हसली असतीस. मला धीर धरता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू शिवत असलीस की शर्ट पुरा व्हायच्या आत मी बाही घालून पळायचो.

तुझा भाऊ

२० एप्रिल

ताई,

हे पत्र सावकाश वाच. मीही सावकाश लिहितोय.

मी तुला कधी सांगितलं नसेल, पण भिंत साफ झाली का हे रंगारी डोळ्यांनी बघत नाही. डोळे फसवतात, उजेड फसवतो. आम्ही डोळे मिटतो आणि तळहात फिरवतो. जिथे खडबड असेल तिथे हात अडतो. मला माझ्या उस्तादांनी पहिलं हेच शिकवलं.

भिंगरी वर्षभर आपणहून कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. तू तिचं माप घ्यायला टेप काढलीस तर ती पळाली होती, आणि तू जुन्या फ्रॉकवरून माप घेतलंस, आठवतं? मीही तो शेवटचा हात लावला होता, पॉलिश पेपर घेऊन. त्यानंतर मलम लावायची ती तिची आई. मी नाही. तिने कधी नको म्हटलं नाही. माझीच छाती झाली नाही.

आज सकाळी मी खिडकीपाशी दाढी करत होतो. ती येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. “बाबा, तू भिंतीला करतोस तसं करून बघ.”

“काय करून बघू?”

“डोळे मिटून.”

मी वस्तरा ठेवला. हात धुतले, पुसले, परत धुतले. डोळे मिटले आणि तिच्या मनगटावर तळहात ठेवला. मग वर नेला. ताई, माझा हात अडला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत कुठेच अडला नाही. मला वाटलं मी चुकीच्या जागी आहे, म्हणून मी परत खालून सुरुवात केली. पुन्हा तेच. जिथे मी स्वतः रेषा मारल्या होत्या, ज्या मला डोळे मिटूनही दिसतात, तिथेसुद्धा नाही. कोपरावर तेवढी कातडी थोडी जाड लागली. बाकी नुसता एका लहान मुलीचा हात, थोडा गार.

डोळे उघडले तर रंग अजून वेगळा होता. चट्ट्यांच्या जागी फिकट डाग आहेत, म्हणून मला इतके दिवस काही दिसलंच नव्हतं. डाग जातील सावकाश, बाई म्हणाल्या होत्या. जाडी आधी जाते, रंग मागून. मी रोज बघत होतो, ती जाताना मला एक दिवसही दिसली नाही.

मी तीस वर्षांत असं काम बघितलेलं नाही. कुठे सांधा नाही, कुठे ब्रशची खूण नाही, कडेला ओघळ नाही. आणि केलं कुणी? एका पिवळ्या गोळीने, जी तिच्या करंगळीच्या नखापेक्षा लहान आहे. ती पोटात जाते. तिला कोपराचा पत्ता कुणी दिला? गुडघ्याचा कुणी दिला? कानामागचा, टाळूवरचा, जो आम्हालाही कधी धड सापडला नाही? मी बाईंना फोन करून हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “पत्ता औषधाला माहीत नसतो. ते पहारेकऱ्यांना शांत करतं. मग अंग आपलं काम आपणच करतं. कसं करायचं ते त्याला आधीपासून येत होतं.” ताई, ते आधीपासून येत होतं! आत कुठेतरी तिला तिची खरी कातडी पाठ होती, एवढी सगळी वर्षं, आणि आम्ही वरून घासत होतो.

मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. अर्ध्या तोंडाला साबण तसाच वाळला. कामावर उशिरा गेलो. आज मला माणसाच्या अंगाची भीती वाटली, चांगल्या अर्थाने. देवळात वाटते तशी.

तुझा भाऊ

२ जून

ताई,

आज पंधरावा चौकोन रंगवला. कोरा तो कोराच आहे. भिंगरी तो भरू देत नाही, म्हणते की खोटं होईल. खोटं बोलायचा तिला आता तिटकारा आलाय, आणि त्याचा धडा तिला कुणी दिला ते तुला माहीत आहे.

दर महिन्याला रक्त तपासतो. यकृत ठीक आहे. शनिवारची मळमळ कमी झाली, लिंबू मात्र तिने सोडलं नाही, आता लाडाने हुंगते. डॉक्टरीणबाईंनी मला खोट्या आशेवर ठेवलेलं नाही. हा आजार कायमचा गेला असं समजू नका, म्हणाल्या. गोळी पुढे कमी करतील, बघतील, परतही उठू शकतं. या गोळीने भागलं नाही तर दुसरी औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत. मी ऐकून घेतलं. मी कुठल्याही गिऱ्हाइकाला भिंतीची जन्मभराची हमी देत नाही, तर अंगाची कशी मागू? पण आज तिच्या हातावर ऊन पडतं आणि ती बाही खाली ओढत नाही, एवढं मला पुरे आहे.

नखं अजून वाढतायत. मुळाशी गुळगुळीत आणि टोकाला जुने खड्डे, अर्धं नवं, अर्धं जुनं. दर रविवारी ती मला दाखवते, किती पुढे सरकलं.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. तो फ्रॉक. तू फाडून पुसणी केली असशील तर तेही बरोबरच आहे, त्या चिठ्ठीनंतर मीही तेच केलं असतं. पण ठेवला असलास तर परत पाठव. तो आता तिला होणार नाही, चार महिन्यांत वाढली आहे. भिंगरी म्हणते, आत्या करेल काहीतरी.

पाकिटात सुतळी आहे. तिचं माप आहे. पहिली गाठ छाती, दुसरी कंबर, तिसरी उंची. मी घेतलं, तिच्या अंगाला सुतळी लावून, आणि ती पळाली नाही. उलट हसत होती, गुदगुल्या होतात म्हणून. गुदगुल्या होतात, ताई. दुखत नाही.

लहानपणी माझ्या सगळ्या शर्टांना तू दोन-दोन बोटं माया ठेवायचीस. मी चिडायचो, जाड लागतं म्हणून. दर वर्षी तू एकेक शिवण उसवून शर्ट मोठा करायचीस आणि मला वाटायचं, हिला नवं शिवायचा कंटाळा आहे. फ्रॉक आला त्या दिवशी तीच माया बाहेर लोंबताना बघून मी नाक मुरडलं. माझ्यासारखा आंधळा रंगारी तुला शोधून सापडणार नाही.

माझं चुकलं. हे साडेतीन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तुझा भाऊ

१ जुलै

ताई,

पुडकं काल आलं. चिठ्ठी नव्हती. पत्र पाठवू नकोस म्हणालो होतो, तू शब्दशः पाळलंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

भिंगरीने दोरा दाताने तोडला. तोच फ्रॉक, तोच निळा-पांढरा चौकडा, पण तिच्या आजच्या मापाचा, आणि बाह्या कापून टाकलेल्या. तिने तो झटकला आणि सवयीने उलटा करायला गेली. मग थांबली. आत बघितलं, बाहेर बघितलं, पुन्हा आत.

“बाबा, आत्याने सरळ शिवलाय.”

मी म्हटलं, “बघू.”

खरंच होतं. तू सगळा उसवून पुन्हा शिवला आहेस. गळा, काखा, कंबर, सगळ्या शिवणी आत, जगातल्या कुठल्याही मुलीच्या फ्रॉकसारख्या. म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. म्हणजे माझा हात अडला नाही, यावर तुझा विश्वास बसला. मला तुझ्या उत्तराची आता गरज नाही, मिळालं.

तिने तो घातला, मागचे बंद मला बांधायला लावले, आणि खोलीच्या मधोमध जाऊन गोल फिरली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. घेर नुसता उडत होता. तुझी वहिनी दारात उभी होती, हातात ओली ताटली, तिचं पाणी पायावर ठिबकतंय तरी तिला भान नव्हतं. किती दिवसांनी पोर तिच्या नावासारखी वागली, ताई. मला बघवत होतं आणि बघवत नव्हतं.

आज ती शाळेत गेल्यावर फ्रॉक खुर्चीवर पडला होता. मी तो घेतला, डोळे मिटले आणि कमरेच्या शिवणीवरून आतून बोट फिरवलं. मोठा करूनही अजून दोन बोटं माया आहे. काखेत दोन बोटं. खाली घेराला चांगली चार बोटं. कुठेच टोचत नाही, सगळी आत दुमडून, बारीक टाके घालून बसवलेली. बाहेरून कुणाला दिसायची नाही.

भिंगरी म्हणते, हा फ्रॉक तिला अजून तीन वर्षं पुरेल. उसवायला तेवढी तू ये.

तुझा भाऊ